कूलरच्या आड गेलेली दरवाढ

१ एप्रिल २०२४ पासून आमच्याकडच्या, म्हणजे महावितरण कंपनीच्या, घरगुती विजेचा दर वाढला. वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून पहिल्या शंभर युनिटांना ५ रुपये ५८ पैसे पडत होते, ते ५ रुपये ८८ पैसे झाले. १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात १० रुपये ८१ पैशांचे ११ रुपये ४६ पैसे झाले. सिंगल फेजचा स्थिर आकार, जो वापर कितीही असला तरी दरमहा लागतो, ११६ वरून १२८ रुपयांवर गेला. यातला एकही आकडा त्या दिवशी ठरलेला नव्हता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ ला दिलेल्या आदेशात २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा दोन्ही वर्षांचे दर एकत्रच छापलेले होते. म्हणजे दुसरी वाढ वर्षभर आधीपासून लिहून तयार होती. तरी आमच्या गल्लीतल्या घरांना ती मार्चच्या बिलातून कळली नाही. कळली ती पैसे भरताना, आणि अनेकांना तर तेव्हाही नाही.

ही बातमी घरापर्यंत वेळेवर यावी म्हणून मी जे काही केलं, ते इथे लिहिते आहे. वीज महाग का होते हा मोठा प्रश्न आहे, त्यावर बोलणारी जाणकार माणसं आहेत. माझा प्रश्न छोटा आहे: महाग होणार हे ठरलंच असेल, तर ते मला आधी सांगा.

मी अमळनेरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे गल्लीत कुणाला कागद वाचून हवा असला की तो माझ्याकडे येतो. रेशनचा असो, बँकेचा असो, विजेचा असो. विजेचं बिल नीट वाचायला मी लागले ते जुलै २०२२ मध्ये. त्या महिन्याच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत रक्कम आली. तोवर ती ओळ रिकामी किंवा अगदी किरकोळ रकमेची पाहायची सवय होती. शंभर युनिटांपर्यंत युनिटमागे ६५ पैसे, त्यापुढे तीनशेपर्यंत १ रुपया ४५ पैसे. शेजारच्या जिभाऊंनी त्यांचं बिल आणून माझ्यासमोर ठेवलं नि विचारलं, “ताई, दर वाढना का?” मी म्हटलं, दर तोच आहे, ही वरची भर आहे. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर खिशातून जाणाऱ्याला दोन्ही सारखंच.

मग मी वाचत गेले. २००३ च्या वीज कायद्यात ६२ व्या कलमात म्हटलं आहे की दर साधारणपणे एका आर्थिक वर्षात एकापेक्षा जास्त वेळा बदलायचा नाही. पण त्यातच इंधनाच्या खर्चासाठी वाट मोकळी ठेवली आहे. कोळसा महागला, बाहेरून वीज चढ्या भावाने घ्यावी लागली, की ठरलेल्या सूत्राने तो फरक ग्राहकाकडे येतो. त्याला जनसुनावणी नाही, वर्तमानपत्रात हरकती मागवणारी नोटीस नाही. तो थेट बिलात उतरतो. हे समजल्यावर एक गोष्ट डोक्यात स्पष्ट झाली: बिल दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी वाढतं. एक रस्ता असा मागच्या दाराचा, महिन्यामहिन्याला बदलणारा. दुसरा मूळ दराचा. त्या दुसऱ्या रस्त्यावर मात्र आपल्याला थांबवून विचारण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे.

ती सोय ६४ व्या कलमात आहे. वीज कंपनीला दर वाढवून हवे असतील तर तिला आयोगाकडे याचिका करावी लागते, त्या याचिकेचा सारांश जाहीर करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती ऐकाव्या लागतात, आणि आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात ती जाहीर नोटीस कशी दिसते, ते सांगते. २०२३ च्या सुरुवातीला मला ती दिसली ती शाळेच्या कार्यालयात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. बारीक टाइप, कोष्टकांवर कोष्टकं, ‘महसुली तूट’, ‘पारेषण आकार’, ‘वहन व्यवसाय’, सगळं कोटी रुपयांत. ६७ हजार कोटींच्या वरची तूट भरून काढायची आहे, एवढं कळत होतं. माझ्या घरचं शंभर युनिटांचं बिल त्याने कितीने वाढेल, हे कळायला खाली उतरत उतरत एका कोष्टकापर्यंत जावं लागत होतं. आमच्या शाळेतल्या पदवीधर सहकाऱ्यांनी ते पान पाहिलं आणि टेंडर नोटीस समजून उलटलं. त्यांची चूक नाही. ते पान घरातल्या माणसासाठी लिहिलेलंच नव्हतं.

मात्र त्याच नोटिशीत दोन गोष्टी साध्या होत्या. सूचना पाठवायची शेवटची तारीख, आणि सुनावणी कुठे कुठे होणार ती ठिकाणं. आम्हा जळगाव, धुळे, नंदुरबारवाल्यांना जवळचं ठिकाण म्हणजे नाशिक. सूचना आयोगाच्या वेबसाइटवर नोंदणी करून पाठवायची होती. ओटीपी, पासवर्ड, मग पीडीएफ जोडा. माझ्या भाच्याने ते करून दिलं. मी मराठीतच लिहिलं, एक पानभर. दर किती असावा याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. जो काही दर ठरेल तो लागू होण्याआधीच्या बिलावर ठळक छापा, एवढंच मागणं होतं. खाली लिहिलं की सुनावणीत तोंडी बोलायचं आहे.

नाशिकला जाताना सोबत कुणी मिळतंय का पाहिलं. लोकांना विषय पटत होता, पण रोजंदारी बुडवून कोण येणार? अमळनेरहून धुळे आणि धुळ्याहून नाशिक, असा एसटीचा प्रवास, पहाटे निघायचं, रात्री परत. ज्याच्या घरी बिलात शेपन्नास रुपये वाढणार, त्याने त्याविरुद्ध बोलायला तिकिटात त्याच्या कितीतरी पट घालायचे. म्हणून सभागृहात जी माणसं भेटली ती बहुतेक कुठल्या ना कुठल्या संघटनेची होती: कारखानदार, यंत्रमागवाले, शेतकऱ्यांसाठी लढणारे, ग्राहक संघटनांचे मुरलेले कार्यकर्ते. त्यांच्या हातात जाड फायली होत्या आणि ते कलमं तोंडपाठ बोलत होते. नुसती घरगुती ग्राहक म्हणून आलेली बाई मला माझ्याशिवाय आसपास दिसली नाही.

पण एक सांगायलाच हवं. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला मधेच कुणी तोडलं नाही. मी आयोगापुढे माझं म्हणणं खान्देशापासून सुरू केलं. म्हटलं, साहेब, आमच्याकडे मार्च संपता संपता ऊन चाळिशी गाठतं, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. कूलर ही आमच्याकडे चैन नाही, म्हातारी माणसं आणि लहान पोरं त्याशिवाय रात्र काढू शकत नाहीत. आणि नवे दर नेमके १ एप्रिलला लागतात. ज्या महिन्यात आमचा कूलर सुरू होतो, त्याच महिन्यात तुमचा दर वाढतो. बिल फुगलं की घरातला माणूस कूलरकडे बोट दाखवतो, दराकडे त्याचं लक्षच जात नाही. ज्याला वाढ झाली हेच ठाऊक नाही, तो हरकत कशी घेणार, आणि जपून तरी कसा वापरणार?

समोर टिपून घेतलं गेलं. कंपनीच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनीही टिपून घेतलं. जेवणाच्या वेळी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नुसतं ‘छापा’ म्हणू नका, ‘नियमाने छापणं बंधनकारक आहे’ म्हणा. आणि त्यांनी मला तो नियम सांगितला.

तो नियम इथे लिहिते, कारण तो फार कमी जणांना माहीत आहे. केंद्र सरकारचे वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२०. हे ३१ डिसेंबर २०२० ला अधिसूचित झाले. त्यात म्हटलं आहे की प्रत्येक प्रकारच्या ग्राहकाचा दर कंपनीच्या वेबसाइटवर दाखवायचा, आणि दरात बदल होणार असेल तर ग्राहकाला पूर्ण एक बिलिंग चक्र (एका बिलापासून पुढच्या बिलापर्यंतचा काळ) आधी कळवायचं, वेबसाइटवरून तसंच वीज बिलातून. इंधन अधिभार वगैरे यातून वगळले आहेत, मूळ दर नाही. ‘वेबसाइटवरून तसंच बिलातून’ असं आहे, दोन्हींपैकी एक असं नाही. परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य फोनवर पुन्हा पुन्हा वाचलं. मी जे विनंती म्हणून मागत होते, तो माझा हक्क म्हणून आधीच लिहिलेला होता.

आदेश ३१ मार्च २०२३ ला आला. शेकडो पानांचा, इंग्रजीत. त्याची रचना मला आवडली. लोकांनी काय म्हटलं, कंपनीने काय उत्तर दिलं, आयोगाचं त्यावर मत काय, हे विषयवार मांडलेलं असतं, आणि बोलणाऱ्यांची-लिहिणाऱ्यांची यादीही जोडलेली असते. पण ३१ मार्चचा आदेश आणि १ एप्रिलपासून दर, यात पूर्ण बिलिंग चक्र आधी कळवण्याला जागाच उरत नाही. त्या वर्षीपुरतं मी हे समजून घेतलं.

त्या वेळी वर्तमानपत्रांत जे आकडे आले त्यांनी गल्लीत अजून गोंधळ घातला. सरासरी वाढ पहिल्या वर्षी २.९ टक्के, दुसऱ्या वर्षी ५.६ टक्के. आणि घरी बिल पाहावं तर पहिल्या शंभर युनिटांचा वीज आकार ३ रुपये ३६ पैशांवरून ४ रुपये ४१ पैसे. यात कुणी खोटं बोलत नव्हतं, पण घरातल्या माणसाला हे उलगडून सांगणारं कुणी नव्हतं. आधीचे ३.३६ आणि वहन आकाराचे १.३५ मिळून ४ रुपये ७१ पैसे. त्यात २०२२ च्या जुलैचे इंधनाचे ते ६५ पैसे मिळवले की ५ रुपये ३६ पैसे. नवा दर ४.४१ अधिक वहनाचे १.१७, म्हणजे ५ रुपये ५८ पैसे. इंधनाची भर जमेस धरून तुलना केली तर वाढ २२ पैशांची, न धरता केली तर ८७ पैशांची. शिवाय टक्का सगळ्या प्रकारच्या ग्राहकांच्या सरासरीचा, तुमच्या-माझ्या टप्प्याचा नाही. म्हणून दरवाढीची बातमी वाचताना टक्का सोडून द्यावा आणि आपल्या टप्प्याचे रुपये-पैसे शोधावेत, असं मी सगळ्यांना सांगते.

खरी संधी पुढच्या वर्षी होती. १ एप्रिल २०२४ चे दर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर छापलेले होते. ते कळवायला कंपनीच्या हातात अख्खं वर्ष होतं. म्हणून २०२४ च्या जानेवारीत मी आमच्या भागाच्या कार्यालयात अर्ज दिला: मार्चच्या बिलावर जो संदेशाचा चौकोन असतो, त्यात एप्रिलपासूनचे घरगुती दर छापावेत, सोबत ग्राहक हक्क नियमाचा उतारा जोडला आहे. आवक-जावकच्या खिडकीवर अर्ज घ्यायला कुणी तयार होईना. “ताई, बिल इथे छापत नाहीत, मुंबईहून नमुना येतो.” मी म्हटलं, भाऊ, तुम्ही छापू नका, माझा अर्ज वर पाठवा, मला फक्त पोच द्या. पोच मिळाली. अर्ज कुठल्याही कार्यालयात देताना झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी सासऱ्यांकडून शिकले. ते तलाठी कार्यालयात होते.

मार्चचं बिल आलं. संदेशाच्या चौकोनात वेळेवर बिल भरा, मोबाईल क्रमांक नोंदवा, अशा ओळी होत्या. दरांची ओळ नव्हती. ज्यांनी छापील बिल बंद करून ई-बिल घेतलं आहे आणि महिन्याला दहा रुपये सूट मिळवतात, त्यांना तर मेसेजमध्ये रक्कम आणि तारीख एवढंच येतं. दरांचा तक्ता असलेली बिलाची पाठीमागची बाजू त्यांच्या नजरेला पडायचा प्रश्नच नाही.

मग मी स्वतःच एक तक्ता केला. शाळेतल्या जुन्या कार्डशीटवर, स्केचपेनने, दोन रकाने: ‘३१ मार्चपर्यंत’ आणि ‘१ एप्रिलपासून’. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं की शंभराच्या वर गेलात तरी पहिली शंभर युनिटं पहिल्याच दराने धरतात, फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. हे लिहिणं गरजेचं होतं. एकशे एक युनिट झालं की सगळंच बिल दुप्पट होतं, असं आमच्याकडे अनेकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. तक्ता आम्ही पिठाच्या गिरणीत लावला, कारण गिरणीत सगळ्यांना थांबावंच लागतं. गिरणीवाले आप्पा म्हणाले, माझा दर वेगळा आहे, माझाही लिहा. त्यांचा दर औद्योगिक, तोही शोधून लिहिला.

त्या तक्त्यासमोर जे बोलणं झालं ते मला सुनावणीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बाया दळणाचा डबा ठेवून वाचायच्या, एकमेकींना वाचून दाखवायच्या. एका आजींनी विचारलं, “हाई आमले कोनी सांगं नही व माय?” मी त्यांना काय उत्तर देणार होते?

आता एप्रिलच्या बिलाचा हिशोब. हा मी गल्लीतल्या एका घराच्या वापरावरून केला. दोन खोल्या, पंखे, फ्रिज, टीव्ही. हिवाळ्यात त्यांचा वापर महिन्याला साधारण नव्वद युनिट असतो. जुन्या दराने नव्वद युनिटांचे ५०२ रुपये, स्थिर आकार ११६, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, मिळून ७१७ रुपये. इंधनाची ओळ इथे बाजूला ठेवली आहे. उन्हाळ्यात कूलर लागतो. १८० वॅटचा कूलर बारा तास चालला की दिवसाला दोन युनिटांच्या थोडं वर, महिन्याला पासष्टच्या आसपास. म्हणजे वापर १५५ युनिट. नव्या दराने पहिल्या शंभरांचे ५८८, पुढच्या पंचावन्नांचे ६३०, स्थिर आकार १२८, शुल्क धरून १,५६२ रुपये. आणि हीच १५५ युनिटं जुन्या दराने असती तर १,४७२ रुपये झाले असते.

म्हणजे ७१७ चे १,५६२ झाले, तर वाढलेल्या ८४५ रुपयांतले ७५५ कूलरचे आणि ९० दरवाढीचे. घरातला माणूस म्हणतो, “कूलर चालना म्हनीसन बिल उनं,” म्हणजे कूलर चालला म्हणून बिल आलं. तो बहुतांशी खरंच बोलतो. पण ते नव्वद रुपये त्या कूलरच्या आड निघून जातात, आणि पाऊस पडून कूलर बंद झाला तरी दर काही खाली येत नाही. जुलैमध्ये पुन्हा नव्वद युनिटं वापरली तरी ७१७ ऐवजी ७६२ येतात. वीज शुल्क टक्केवारीने असतं, त्यामुळे दर आणि स्थिर आकार वाढला की शुल्कही आपोआप वाढतं. हेही कुणी सांगत नाही.

एप्रिलच्या बिलात अजून एक अडचण असते. आमचं रिडिंग महिन्याच्या मध्यावर घेतात, म्हणजे त्या बिलात अर्धे दिवस मार्चचे आणि अर्धे एप्रिलचे. नवा दर मधेच लागला असेल तर त्या काळातला वापर दिवसांच्या प्रमाणात वाटून जुना आणि नवा दर लावायचा असतो. मी आमच्या बिलावर कागद-पेन घेऊन ते पडताळलं, बरोबर निघालं. गल्लीतली इतर बिलंही पडताळली, तीही बरोबर होती. आकारणीत माझी तक्रार नाही, हे मी मुद्दाम सांगते. तक्रार न कळवण्याची आहे. त्याच दिवसांत अतिरिक्त सुरक्षा ठेवीचंही वेगळं बिल हातात पडतं, वर्षभराच्या सरासरी वापरावरून काढलेलं, आणि लोक तीच दरवाढ समजतात. ती ठेव आहे, तिच्यावर व्याज मिळतं, तो वेगळा विषय.

मे महिन्यात मी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे रीतसर तक्रार दिली. तिथल्या अधिकारी बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की आदेश वेबसाइटवर आहे, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, दरांचा तक्ता बिलाच्या मागे छापतात. मी एप्रिलचं बिल उलटं करून दाखवलं. म्हटलं, मॅडम, हा तक्ता नवा दर लागल्यावर आला आहे. नियम म्हणतो एक चक्र आधी. आणि नियमात वेबसाइटच्या सोबतीला बिल आहे. त्यांनी नियमाचा उतारा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण माझ्या हातात तो नाही.” लेखी उत्तरात मात्र ‘दर आयोगाच्या आदेशानुसार लावले आहेत’ असं आलं. मी दर चुकीचे लावले असं म्हटलंच नव्हतं. मला वाटतं, ‘दर’ हा शब्द दिसला की ठरलेलं उत्तर निघतं.

त्यापुढची पायरी म्हणजे ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. कायद्याच्या ४२ व्या कलमाने ही सोय आहे. पण माझा प्रश्न एका बिलाचा नव्हता, बिलाच्या नमुन्याचा होता. तो जिथे सगळ्यांसाठी ठरतो तिथेच पुन्हा न्यायचा, असं ठरवलं. २०२५ च्या सुरुवातीला पुढच्या पाच वर्षांच्या दरांची याचिका आली तेव्हा मी परत लेखी सूचना पाठवली. या वेळी नियमाचा आधार देऊन, आणि गिरणीत वाचणाऱ्या बायांपैकी ज्यांनी सह्या दिल्या त्यांच्या सह्यांसह.

त्या वर्षी जे घडलं त्याने माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. आदेश २८ मार्च २०२५ ला आला, १ एप्रिलपासून दर उतरणार अशा बातम्या झळकल्या, आणि गल्लीत आनंद झाला. कंपनीच्या अर्जावरून २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली. जुनेच दर चालू राहिले. मग फेरविचाराचा आदेश २५ जूनला, आणि नवे दर १ जुलैपासून. या तीन महिन्यांत जिभाऊ मला दर बिलाला विचारायचे की कमी झालेलं यात कुठे दिसतं. उतरल्याची बातमी त्यांनी टीव्हीवर ऐकली होती. स्थगितीची बातमी त्यांच्यापर्यंत आलीच नाही, आणि एप्रिल-मेच्या बिलावर त्याची एक ओळही नव्हती. वाढ असो की घट असो की स्थगिती, घरातल्या माणसाच्या हातात महिन्याला नेमाने येणारा कागद एकच आहे.

मी सूचनेत मागितलं ते असं: दर बदलणार असतील तर त्याआधीच्या बिलावर समोरच्याच बाजूला, रकमेच्या जवळ, मराठीत, त्या ग्राहकाच्या टप्प्याचा जुना दर, नवा दर आणि लागू होण्याची तारीख द्यावी. त्या ग्राहकाच्या मागच्या महिन्याच्या युनिटांवर नव्या दराने बिल किती झालं असतं, तो आकडाही द्यावा. संगणकाला हे काढायला काहीच लागत नाही, युनिटं त्याच्याकडेच असतात. मोबाईलवर जो मेसेज येतो त्यातही हे यावं. आदेश उशिरा आला तर निदान एक चक्र जुन्याच दराने बिल द्यावं, किंवा तसं करता येत नसेल तर का येत नाही, हे आदेशात लिहावं.

तोवर मार्च लागला की मी माझ्यापुरतं हे करते, आणि ज्यांना जमेल त्यांनी करावं. बिलावर ‘दर संकेत’ म्हणून एक नोंद असते, त्यात एलटी १ (एलटी म्हणजे लघुदाब), रेसिडेन्शियल, फेज, असं लिहिलेलं असतं. आयोगाच्या वेबसाइटवर चालू असलेला दर आदेश उघडायचा आणि शेवटच्या भागातल्या दरपत्रकात हीच वर्गवारी शोधायची. पुढच्या वर्षाचा रकाना तिथे असेल तर तोही उतरवून घ्यायचा. मग मागच्या एप्रिलची युनिटं घेऊन गुणाकार करायचा आणि वर सोळा टक्के धरायचे. गिरणीतला तक्ता मी दरवर्षी नवा करते. आता आप्पा फेब्रुवारी संपतानाच विचारतात, “मॅडम, औंदाचा लावायचा ना?”